इंग्रजी स्पेलिंगचा घोळ नेमका कुणी घातला?

पाटीपेन्सिल (धागालेखिका)

पंधराव्या शतकातला किस्सा आहे. काही व्यापारी थेम्स नदीतून गलबताने नेदरलंड्समधल्या झीलंडला निघाले होते. वारा पडला, गलबत अडकलं, म्हणून मंडळी किनाऱ्यावर उतरली आणि खायला काही मिळतंय का बघू लागली. त्यातल्या शेफील्ड नावाच्या माणसाने एका घरी जाऊन बाईंकडे 'एगेज' मागितली, म्हणजे अंडी. बाई म्हणाल्या, मला फ्रेंच येत नाही. शेफील्ड भडकला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हतं. तो बापडा इंग्रजीच बोलत होता! शेवटी दुसरा कुणीतरी म्हणाला, 'एयरन' हवीत. तेव्हा कुठे बाईंच्या डोक्यात प्रकाश पडला.

हे सांगितलंय विल्यम कॅक्स्टनने, १४९० साली स्वतः छापलेल्या एका पुस्तकाच्या प्रस्तावनेत. इंग्लंडमधला पहिला छापखाना त्याचा, १४७६ साली वेस्टमिन्स्टरला काढलेला. किस्सा सांगून तो हात टेकतो: आता माणसाने लिहावं तरी काय, एगेज की एयरन? माझ्या जन्माच्या वेळची भाषा आणि आजची भाषा यांतच केवढा फरक पडलाय, अशीही त्याची तक्रार आहे.

सध्या घरात स्पेलिंगची घोकंपट्टी चालू असल्याने हा कॅक्स्टन मला फार जवळचा वाटायला लागलाय. इंग्रजी स्पेलिंग म्हणजे वेडेपणा, असं आपण सगळेच म्हणतो. थोडं खोदलं की दिसतं, वेडेपणा कुणाही एकाचा नाही. प्रत्येकाने आपापल्या परीने शहाणपणाच केला आणि बेरीज ही अशी झाली.

आधी त्या दोन अंड्यांचं. 'एयरन' हे घरचं रूप, पाचव्या शतकात आलेल्या अँगल-सॅक्सन लोकांच्या बोलीतलं. 'एग' आलं स्कँडिनेव्हियातून आलेल्या व्हायकिंगांबरोबर. ७९३ साली लिंडिसफार्नच्या मठावर त्यांची धाड पडली, पुढे ते उत्तर आणि पूर्व इंग्लंडात शेती करून राहिलेच. त्यांची भाषा इंग्रजीची चुलतबहीण, त्यामुळे शब्द सहज मिसळले. स्काय, नाइफ, विंडो, हजबंड, लॉ हे सगळे त्यांचे. एवढंच काय, 'दे' आणि 'देम' ही सर्वनामंसुद्धा! शब्द उधार घेणं रोजचंच, पण सर्वनाम उधार घ्यायला दोन्ही घरांची चूल बरीच वर्षं एकत्र पेटावी लागते.

मग १०६६. उत्तर फ्रान्समधून नॉर्मन आले, राज्यकारभार फ्रेंच आणि लॅटिनमध्ये गेला. इंग्रजी मेली नाही, पण लिहिणारे हात बदलले. फ्रेंच वळणाच्या लेखनिकांनी इंग्रजी शब्द आपल्या सवयीने लिहिले. 'क्व' दाखवायला त्यांच्याकडे क्यू आणि यू, म्हणून क्वीनला क्यू मिळाला. 'ऊ'साठी ते ओ-यू लिहीत, म्हणून तेव्हाच्या 'हूस'मध्ये (आजचं हाउस) ओ शिरला. लव्ह, सन (मुलगा) आणि कम यांत उच्चार 'अ'चा आणि अक्षर ओ का? त्या काळच्या हस्ताक्षरात यू, एन, एम, व्ही ही सगळी अक्षरं म्हणजे नुसत्या उभ्या रेघा. पाच-सहा रेघा शेजारी आल्या की कुठलं अक्षर कुठे संपतं ते कळेना, म्हणून यूच्या जागी ओ लिहायला लागले. वाचकाची सोय!

आणि आता मुख्य पात्र. साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजीतले सगळे दीर्घ स्वर जागचे हलले. इंग्रजी कवी चॉसर १४०० साली वारला. त्याच्या तोंडी नेम हा शब्द 'नाम'च्या जवळ होता, टाइम 'टीम'सारखा, फीट 'फेट'सारखा, मून 'मोन'सारखा आणि हाउस 'हूस'. पुढच्या पिढ्यांत 'ए' वर सरकून 'ई' झाला, मूळची 'ई' फुटून 'आइ' झाली, 'ओ'चा 'ऊ' झाला आणि 'ऊ' फुटून 'आउ'. एक हलला की पुढचा हलतो, अशी साखळीच. ऑटो येस्पर्सन या डॅनिश भाषातज्ज्ञाने याला नाव दिलं, ग्रेट व्हॉवल शिफ्ट. का झालं यावर अजून एकमत नाही. १३४८च्या प्लेगनंतर गावोगावचे लोक लंडनला लोटले आणि बोलींची सरमिसळ झाली, हे एक कारण नेहमी सांगितलं जातं.

घोळ असा की स्वर अर्ध्या वाटेत असतानाच छापखाना आला. छापणाऱ्याला शब्द रोज वेगळा लिहून परवडत नाही. स्पेलिंगं गोठत गेली आणि उच्चार पुढे निघून गेले. म्हणजे आपली मुलं आज जे घोकतात ते बरंचसं चॉसर आणि कॅक्स्टन यांच्या मधल्या काळाचं इंग्रजी आहे.

त्यात कॅक्स्टनची कित्येक वर्षं आजच्या बेल्जियममधल्या ब्रूजमध्ये गेलेली. फ्लेमिश लिहिण्याची सवय हाताला लागलेली, तिथून गोस्टमध्ये (भूत) एच घुसला. तो अजून आहे. भूतच ते.

आणि वरून कळस चढवला पंडितांनी. लॅटिन येणाऱ्यांना वाटलं, शब्दाचं कूळ दिसलं पाहिजे. कर्ज या अर्थाच्या 'डेट'मध्ये बी नव्हताच, फ्रेंचमधून आला तेव्हा साधा 'डेट'च होता. लॅटिनमध्ये डेबिटम म्हणून बी घातला. डाउटचंही तेच. रिसीटमध्ये पी घातला. सगळ्यात भारी आयलंड. तो अस्सल इंग्रजी शब्द, लॅटिनशी काही नातं नाही, पण लॅटिनवरून आलेल्या 'आइल'शी (बेट) असेल असं समजून त्यात एस कोंबला. खोटी वंशावळ, तीही चारशेहून अधिक वर्षं टिकलेली!

अजून बरंच आहे, पण आधी तुमचं ऐकते.

---

सांजवारा

मस्त धागा, वाचतेय. एक शंका: त्या काळी रेकॉर्डिंग नव्हतं. मग चॉसर 'नाम' म्हणायचा आणि 'हूस' म्हणायचा हे कुणाला कसं कळलं? की अंदाजपंचे दाहोदरसे?

---

पाटीपेन्सिल

@सांजवारा, चांगला प्रश्न. पुरावे चार बाजूंनी येतात.

एक, यमकं. अलेक्झांडर पोपने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला एका कवितेत चहा या अर्थाच्या 'टी'चं यमक 'ओबे'शी जुळवलंय. म्हणजे तो 'टे' म्हणत होता. अशी हजारो यमकं तपासली की चित्र दिसायला लागतं.

दोन, अर्धशिक्षितांच्या चुका, आणि माझ्या मते हाच सगळ्यात प्रामाणिक पुरावा. पंधराव्या शतकातल्या पॅस्टन कुटुंबाच्या खासगी पत्रांचा मोठा साठा उपलब्ध आहे. घरगुती पत्रात माणूस कानाला ऐकू येतं तसं लिहितो. आपल्याकडे दुकानाच्या पाटीवर 'आमच्या येथे पिटाची गिरण' लिहिलेलं असतं ना, तसं. चूक करणाऱ्याने आपला उच्चार नोंदवून ठेवलेला असतो.

तीन, त्या काळचे उच्चारतज्ज्ञ. जॉन हार्ट नावाच्या माणसाने १५६९ साली स्पेलिंग सुधारणेवर अख्खं पुस्तक लिहिलं, कोणता स्वर म्हणताना तोंड किती उघडायचं इथपर्यंत. त्याने सुचवलेली लिपी कुणी स्वीकारली नाही, पण पुस्तक आज सोन्याच्या मोलाचं झालंय.

चार, शेजारच्या भाषा. यावर जर्मनीवाल्यांनी लिहावं.

---

राईनकाठचा

बोलावलंत म्हणून आलो. :)

नाइटमधले (रात्र) जी आणि एच इथे रोज ऐकू येतात. जर्मनमध्ये 'नाख्ट', तो 'ख' घशातला. जुन्या इंग्रजीतही 'निख्त' असाच होता. आणि आपलं संस्कृत 'नक्त' याच घरातलं. नक्त भोजन म्हणजे दिवसभर उपास करून रात्री जेवणं. आजी सोमवारी नक्त करायची, तिला कुणी सांगितलं असतं की हा शब्द इंग्रजांच्या नाइटचा सख्खा नातेवाईक आहे, तर तिने कानावर हात ठेवले असते.

दुसरा नाइट, घोड्यावरचा. त्यातला के खरंच म्हणायचे, 'क्निख्त'. जर्मनमध्ये तोच शब्द 'क्नेख्ट', पण अर्थ गडी, नोकर. एकाच शब्दाचा इंग्लंडात सरदार झाला आणि इकडे घरगडी राहिला. नी (गुडघा), नाइफ, नो (माहीत असणे) या सगळ्यांतला के साधारण सतराव्या शतकापर्यंत जिवंत होता.

आणि हो, इथे बेकरीत अंड्यांना 'आयर' म्हणतात. कॅक्स्टनच्या बाईंना इथे काही अडचण आली नसती.

---

खवचट_कोल्हापुरी

वाचलं सगळं. छान छान. पण या इतिहासाने पोराला परीक्षेत अर्धा मार्क जास्त मिळणार आहे का? टफ, थ्रू, दो, कॉफ, बाउ (झाडाची फांदी), शेपटाला सगळीकडे ओ-यू-जी-एच आणि उच्चार पाच तऱ्हेचे. शहाणपणाची बेरीज वगैरे म्हणून आपण त्यांचं कौतुक करायचं आणि आपल्या ऱ्हस्व-दीर्घाला नावं ठेवायची!

बर्नार्ड शॉने दाखवून दिलंच होतं की जी-एच-ओ-टी-आय असं लिहून 'फिश' वाचता येतं. टफमधला जीएच, विमेनमधला ओ आणि नेशनमधला टीआय. विषय संपला.

---

टिंब

@खवचट, विषय सुरू झाला. :) ते शॉच्या नावावर खपतं, पण त्याचं नाही. १८५५ सालच्या एका पत्रात हे 'फिश' सापडलंय आणि शॉ जन्मला १८५६ साली. शिवाय शब्दाच्या सुरुवातीला जीएचचा उच्चार इंग्रजीत कधीच 'फ' होत नाही आणि शेवटी टीआयचा 'श' होत नाही. म्हणजे नियम नाहीत असं नाही. नियम आहेत, फक्त जागा बघून चालतात.

जीएचचं पाच तऱ्हांचं कोडंही एवढं गूढ नाही. मूळ एकच, तो घशातला 'ख'. इंग्लंडच्या दक्षिणेत तो गेला. काही शब्दांत नुसता विरला (थ्रू, दो), काहींत 'फ' झाला (लाफ, टफ, कॉफ). कुठल्या शब्दात काय व्हायचं हे बोलींच्या ओढाताणीत ठरलं.

आपलं म्हणाल, तर मराठीतही मुके पाहुणे होतेच. जुनी पुस्तकं उघडा: नाहीं, कां, जेव्हां, घरें, आंत. हे अनुस्वार कुणी उच्चारत नव्हतं. कधीकाळी तिथे नाकातला स्वर होता, तो प्रमाण बोलीतून गेला, टिंब मागे राहिलं. कोकणीत ते नाकातले उच्चार आजही कानावर येतात. म्हणजे डेटमधला बी आणि 'नाहीं'वरचं टिंब यांत फरक इतकाच की आपलं टिंब खरं होतं आणि त्यांचा बी वरून चिकटवलेला.

आपण ते काढलं कसं? १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम शासनाने मान्य केले, १९७२ साली आणखी चार आले, पाठ्यपुस्तकं बदलली, संपलं. इंग्रजीला असं महामंडळ कधी मिळालंच नाही. फ्रेंचांनी १६३५ सालीच अकादमी काढली. जोनाथन स्विफ्टने १७१२ साली इंग्रजीसाठीही काहीतरी करा म्हणून जाहीर पत्र लिहिलं, पण त्यातून काही निघालं नाही.

---

चिंचगुळ

नॉर्मन काळावर एक भर. मी कोर्टकचेरीच्या कागदांत दिवस काढते म्हणून हे आवडतं.

१३६२ साली इंग्लंडात कायदा झाला की कोर्टातले युक्तिवाद इंग्रजीत चालवा, कारण लोकांना फ्रेंच कळत नाही. आणि हा कायदा लिहिलाय कुठल्या भाषेत? फ्रेंचमध्ये! कागदोपत्रीची फ्रेंच-लॅटिन पुढेही चालूच राहिली, पार १७३३ सालापर्यंत.

इंग्रजी दस्तऐवजात अजून जोड्या दिसतात. 'विल अँड टेस्टामेंट'मधलं विल घरचं, टेस्टामेंट लॅटिनवरून. 'गुड्स अँड चॅटल्स'मध्ये गुड्स घरचं, चॅटल्स फ्रेंच. दोन्ही भाषांच्या माणसाला कळावं, नंतर कुणी वाद घालू नये, म्हणून दोन्ही लिहायचे. आपल्याकडे फारसीबरोबर हेच झालं: कागदपत्र, धनदौलत, बाजारहाट. एक पाय बाहेरचा, एक घरचा.

अवांतर: आपलं रविवारचं मटणही मूळचं फ्रेंच. 'मुतों' म्हणजे मेंढी, नॉर्मनांनी इंग्रजीत नेली आणि इंग्रजांनी आपल्याकडे आणली. आपण मेंढीच्या जागी बोकड घातला.

---

ग्लासगोचा_पाऊस

धागा छान, पण दोन मुद्दे.

पहिला, स्वर 'सगळे' हलले हे दक्षिणेचं सांगणं. इकडे स्कॉटलंडमध्ये जुन्या बोलीत हाउसला अजून 'हूस' म्हणतात आणि माउसला 'मूस'. (हो, मूषकाचाच भाऊ.) रात्र 'निख्त'च. आमच्या शेजारच्या आजीबाई इंग्रजी चॅनेल लावून बसतात, पण मांजरीला हाका मारताना हूस आणि मूस. याचं कारण गमतीदार आहे. उत्तरेत 'ओ' हा स्वर आधीच, वेगळ्याच दिशेला सरकून गेला होता. त्यामुळे 'ऊ'ला खालून ढकलणारं कुणी उरलं नाही आणि तो जागेवर राहिला. स्वर एकमेकांना ढकलत पुढे गेले, या कल्पनेला हा चांगला आधार मानतात.

दुसरा, सगळं कॅक्स्टनच्या माथी मारू नका. त्याच्या आधीच सरकारी कारकुनांनी बरीच स्पेलिंगं रुळवली होती. पाचवा हेन्री १४१७ पासून फ्रान्सच्या स्वारीवरून इंग्रजीत पत्रं धाडायला लागला, मग चॅन्सरीत, म्हणजे राजाच्या कचेरीतही इंग्रजी आली. राजाच्या कचेरीतून देशभर कागद जातात, वाचणारा तसंच लिहायला लागतो. कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला, म्हणजे त्या कचेरीच्या दाराशीच दुकान टाकलं. स्वतः तो स्पेलिंगच्या बाबतीत फारसा काटेकोर नव्हता, एकाच पानावर एकाच शब्दाची दोन रूपं सापडतात. खरी शिस्त पुढच्या दीड-दोनशे वर्षांत, एकामागून एक छापखान्यांनी आणली.

---

खवचट_कोल्हापुरी

बरं, महामंडळ नव्हतं, समजलं. पण मग कुणी प्रयत्नच केला नाही? एवढं साम्राज्य चालवलं, आणि एक बी काढता आला नाही?

---

पाटीपेन्सिल

@ग्लासगोचा_पाऊस, त्या कारकुनांवर वेगळा धागा काढा, हक्काने सांगते.

@खवचट, प्रयत्न चिकार झाले. सॅम्युअल जॉन्सनचा कोश १७५५ साली आला, सुमारे ४२ हजार शब्द. त्याच्याकडे लोक न्यायाधीश म्हणून बघायला लागले, पण त्याने बहुतेक जागी चालू रूपंच कायम केली. सुधारण्यापेक्षा खुंटा हलवून बळकट केला म्हणा.

अमेरिकेत नोआ वेबस्टर जास्त धीट. कलरमधला यू उडवला, सेंटरचा आर शेवटी नेला. त्याचा १८२८चा कोश आणि त्याआधीपासून शाळांत खपणारं स्पेलिंगचं पुस्तक यामुळे ते रुजलं. पण 'टंग' हा शब्द टी-यू-एन-जी असा लिहा म्हणाला तेव्हा कुणी ऐकलं नाही. विमेनचंही तेच.

मग १९०६. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी फर्मान काढलं की सरकारी छापखान्याने ३०० शब्द सुधारित स्पेलिंगने छापावेत. थ्रू चार अक्षरांत. वर्तमानपत्रांनी टर उडवली, काँग्रेसने (तिथल्या संसदेने) विरोध केला आणि वर्ष संपायच्या आत त्यांना माघार घ्यावी लागली. राष्ट्राध्यक्षालाही तो बी हलवता आला नाही, तर आपण काय!

आणि खरी मेख पुढे आहे. उच्चाराप्रमाणे लिहायचं, पण कुणाच्या? लंडनचा हाउस की त्या आजीबाईंचा हूस? टेक्सासचा, डब्लिनचा, मुंबईच्या कॉन्व्हेंटचा? आज निदान सगळे एकच पुस्तक वाचू शकतात. मराठीत 'घरे' लिहून 'घरं' वाचतोच की आपण.

---

फोनिक्सताई

मी लहान मुलांना फोनिक्स (अक्षरं आणि त्यांचे आवाज जोडून वाचणं) शिकवते, म्हणून राहवलं नाही. नेम, केक, टाइम यांच्या शेवटच्या मुक्या ईला आम्ही 'मॅजिक ई' म्हणतो. पालक विचारतात, ही ई कशाला ठेवली? तर ती मुकी नव्हती. चॉसरच्या काळात 'नाम'च्या शेवटी अस्पष्ट 'अ' ऐकू यायचा, दोन अवयवांचा शब्द होता. तो शेवटचा आवाज गळून पडला, अक्षर राहिलं. पण अशा शब्दांत आधीचा स्वर दीर्घ असायचा, म्हणून लोकांनी ईचा अर्थ लावला 'मागचा स्वर लांबव'. पुढे जिथे ई कधी नव्हती तिथेही ती याच कामासाठी बसवली, उदा. वाइफ. तिचं जुनं रूप 'वीफ', शेवटी काही नाही.

हे मुलांना सांगून बघा. सात-आठ वर्षांच्या मुलांना 'पूर्वी हे अक्षर बोलायचं' यात फार गंमत वाटते आणि मग 'क्निख्त' करत वर्गभर फिरतात. स्पेलिंग चुकत नाही नंतर. खवचटदादा, अर्ध्या मार्काचं उत्तर.

---

सांजवारा

मॅजिक ई आवडली!

'ये ओल्ड टी शॉप'सारख्या पाट्यांमधलं ते 'ये' काय असतं मग?

---

टिंब

ते 'द' आहे. जुन्या इंग्रजीत 'थ'साठी थॉर्न नावाचं स्वतंत्र अक्षर होतं, रुनिक लिपीतून आलेलं. पुढे हस्ताक्षरात ते वायसारखं दिसायला लागलं, आणि युरोपातून आलेल्या छपाईच्या खिळ्यांत थॉर्न नव्हताच, म्हणून छापणाऱ्यांनी वाय वापरला. वाचणारे 'द'च वाचत होते. 'ये' म्हणणारे आपण, नंतरचे.

---

खवचट_कोल्हापुरी

फोनिक्सताई, मार्क मिळाला तर पेढे देतो.

शेवटचं: आपण त्यांना दिलेल्या शब्दाचं काय केलं बघा. मंगूस (आमच्याकडे मुंगूस) मराठीतून गेला. त्यांनी त्याच्या शेपटाला जी-ओ-ओ-एस-ई लावून बदक-हंसाच्या खानदानात बसवला. आणि अनेकवचन करताना गीससारखं 'मंगीस' करतील म्हटलं, तर नाही, 'मंगूसेस'. म्हणजे लिहिताना हंस आणि मोजताना मुंगूस.